तीन प्रश्नांची वही

बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. पोरांनी त्यातलं काय लक्षात ठेवलं ते देव जाणे, पण पोरांचं सगळं माझ्या लक्षात राहिलं! आमच्या अमळनेरला जिनिंगच्या दारावरून नुसतं गेलं तरी साडीला कापूस चिकटतो. तुम्ही आत गेलात की नाही, काही संबंध नाही. शिक्षकाला किस्से तसेच चिकटतात. घरी येऊन कितीही झटका, दोन-चार राहतातच.

आता मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "बोरसे बाई, ते वहीचं सांगा ना!" मी सांगते. पण चहा तुम्ही करायचा. मी एकदा बोलायला बसले की उठत नाही.

साल शहाऐंशी. माझ्याकडे चौथीचा वर्ग, बेचाळीस पोरं. वर्गात पहिला नंबर पारसचा. मोतीलालशेठ कापडवाल्यांचा पारस, गोरागोमटा, तेल लावून चापून भांग. एक दिवस मी पुस्तकातल्या धड्यावर साधा प्रश्न विचारला, "कोल्हा विहिरीजवळ का थांबला?"

पारस उठला, हाताची घडी घातली, डोळे मिटले आणि गाडी सुटली! "एक होते रान. त्या रानात एक कोल्हा राहत होता..." पहिल्या ओळीपासून. मी म्हटलं, येईल बापडा उत्तरापर्यंत. आला. "पायात काटा रुतल्यामुळे तो विहिरीजवळ थांबला," म्हणाला आणि थांबलाच नाही! तसाच पुढे. कोल्ह्याचं लग्न व्हायची वेळ आली.

"अरे थांब, थांब! उत्तर आलं ना मघाशी?"

पारसने डोळे उघडले. "कुठलं, बाई?"

सांगा आता! उत्तर त्याच्याच तोंडातून निघून गेलं आणि त्याला पत्ता नाही. आणि हा पहिला नंबर! बाकीच्या एक्केचाळीस जणांचं काय सांगू? त्या दिवशी मला घास गोड लागला नाही. आपण पोरांना वाचायला शिकवलं की नुसतं आवाज करायला?

म्हणून मी ती वही काढली. रोज संध्याकाळी पोराने घरी अर्ध्या पानाचा एक उतारा मोठ्याने वाचायचा. पुस्तकातला, पेपरातला, कुठलाही. घरच्या मोठ्या माणसाने त्यावर तीन प्रश्न विचारायचे. प्रश्न, उत्तरं वहीत लिहायची आणि खाली विचारणाऱ्याची सही. संपलं. पंधरा मिनिटांचं काम!

*

पंधरा मिनिटांच्या कामाने गाव उठलं. गणपतीत सात-आठ पालक हेडसरांच्या खोलीत. "शिकवायचं बाईंनी की आम्ही? आम्ही परीक्षा देऊन मोकळे झालोय, पुन्हा कशाला?"

आमचे हेडसर म्हणजे महाजन सर. माणूस वाईट नाही, पण तक्रारीला फार भ्यायचे. पालक गेल्यावर मला बोलावलं. "बाई, पोरं घोकतात, पास होतात, आईबाप खूश. तुम्हालाच काय खुपतंय?"

मी म्हटलं, "सर, पोरांना वाचलेलं कळत नाही."

"कळायला पुढं आयुष्य पडलंय!"

मीही हट्टाला पेटले. शेवटी सर म्हणाले, "ठीक. मार्चमध्ये तपासणीला जळगावहून साहेब येतील. ते दरवेळी न वाचलेला उतारा देतात. तुमच्या पोरांनी उत्तरं दिली तर वही चालू. नाही दिली तर वही बंद आणि पुढच्या वर्षी चौथी तुमच्याकडे नाही. पहिली घ्या आणि नाकं पुसत बसा!"

अहो, चौथी म्हणजे माझा जीव होता! अकरा वर्षं मी चौथी शिकवत होते. ती काढून घेतली असती तर मी शाळेत नुसती हजर राहिले असते, शिकवलं नसतं. पण तोंडातून निघून गेलं, "चालेल!"

*

पहिलाच मोतीलालशेठांना पटवायचा प्रश्न. शेठ मूळचे मारवाडकडचे, पण तीन पिढ्या अमळनेरात. दुकानात गेले. म्हटलं, "शेठ, रोज तीन प्रश्न."

"तीन? बाई, दोन करा."

"शेठ, हे कापड नाही हो."

"तरी पण! आपण काय परके आहोत का? दोन करा आणि एक वरून गोष्ट सांगतो."

मीही धुळ्याच्या बाजारात आईचं बोट धरून वाढलेली. म्हटलं, "तुम्ही म्हणताय म्हणून रविवार सोडते. पण तीनचे दोन होणार नाहीत."

शेठ खूश! गल्ल्यावरूनच पारसला ओरडून म्हणाले, "बघ, बाईंकडून रविवार सोडवून घेतला!"

रविवार मी धरलाच नव्हता.

पण शेठ शब्दाचे पक्के. दुकानातच पारसला समोर बसवायचे, एकीकडे कापड फाडायचे, एकीकडे प्रश्न. मग गिऱ्हाईकंही मध्ये पडायची. पारस अडला की बाजाराला आलेली कुणीतरी बाई उत्तर द्यायची. पोरगा प्रामाणिक. वहीत लिहायचा, "हे उत्तर लुगडे घ्यायला आलेल्या आजींनी दिले."

मी खाली लाल पेनाने लिहिलं, "बरोबर. आजींना शाबासकी."

दुसऱ्या दिवशी पारस म्हणाला, "बाई, आजी पुढच्या बाजारी येणार आहेत, तेव्हा सांगतो."

*

रघुनाथ नाना एस.टी.त कंडक्टर. अमळनेर-धुळे-शिरपूर अशी ड्यूटी, मुक्कामी गाडी. आठवड्यातून तीन दिवस घरी नाहीत. त्यांची मुलगी मंगल माझ्या वर्गात. नानांनी उपाय काढला. चार प्रश्न पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगून ठेवले. कुठलाही उतारा असो, प्रश्न हेच :

कुठून निघाला? कुठे उतरला? बरोबर कोण होते? सामान काय होते?

मी नानांना स्टँडवरच गाठलं. "नाना, असं कसं चालेल? प्रत्येक उताऱ्याला वेगळे प्रश्न हवेत."

नाना तिकिटांची पेटी काखेत मारत म्हणाले, "बाई, जगात या चार प्रश्नांच्या बाहेर काही नाही. तुम्ही करून तर पाहा."

मला राग आला. म्हटलं, जिरवतेच यांची. दुसऱ्या दिवशी मंगलला मुद्दाम पाऊस कसा पडतो त्याचा उतारा दिला. बघू कसे विचारता प्रश्न! सकाळी वही उघडली.

"कुठून निघाले? – पाणी समुद्रातून निघाले. कुठे उतरले? – डोंगरावर उतरले. बरोबर कोण होते? – वारा होता. सामान काय होते? – जाताना मीठ होते, ते खालीच ठेवले."

मी दोनदा वाचलं. विज्ञानाच्या पुस्तकात अख्खं अर्धं पान लागलं होतं हो याला! मी मुकाट्याने बरोबरची खूण केली. पुढे कित्येक वर्षं मी स्वतः नवीन धडा वाचला की आधी नानांचे चार प्रश्न विचारून बघायची. पण हे नानांना सांगितलं नाही. आधीच शेफारले होते.

*

सुनीताचं मात्र मला कळेना. शेवटच्या पट्टीवर बसायची. चार ओळी वाचायला तिला पाव तास लागायचा आणि वाचून झालं की ओठ घट्ट मिटून बसायची. काही विचारा, उत्तर नाही. तिची वही पंधरा दिवस कोरी.

मी घरी गेले. आई जिनिंगमध्ये कामाला, नुकतीच आली होती. केसांत कापूस तसाच. मी म्हटलं, "ताई, पोरीला तीन प्रश्न विचारत जा."

ती कानकोंडी झाली. "माले काय येस बाई? माले अक्षर समजत नही. मी काय इचारू तिले?"

आता काय करावं? मला जे सुचलं ते बोलून गेले, "मग असं करा, तिनेच तुम्हाला विचारू द्या. तुम्ही ऐका आणि उत्तरं द्या."

आठ दिवसांनी वही आली. प्रश्न सुनीताचे, उत्तरं आईची, अक्षर सुनीताचं, खाली आईचा अंगठा. एक प्रश्न मला अजून पाठ आहे. उतारा होता एका राजाचा, त्याने म्हणे एका रात्रीत तलाव खोदून घेतला. सुनीताने आईला विचारलं होतं, "रात्री खोदणाऱ्या बायांची पोरे कोणी सांभाळली?" आईचं उत्तर, "कोणी नाही. ती तिथेच झोपली."

मी हेडसरांना वही दाखवली. सर म्हणाले, "हिला उत्तरं येत नाहीत आणि तुम्ही प्रश्न काय दाखवताय? साहेब उत्तरं मागणार आहेत, बाई!"

खरंच होतं त्यांचं. मी वही उचलली आणि वर्गात गेले.

*

सोनवणे भाऊसाहेब तहसील कचेरीत क्लार्क. त्यांचा विजय हुशार, पण वहीत बापाचा हात दिसायचा. उतारा होता एका म्हातारीचा. बाजारात बोकड न्यायची आणि न विकताच परत आणायची. प्रश्न : म्हातारीने बोकड का विकला नाही?

वहीत उत्तर : "सदर म्हातारीने सदर बोकड विकला नसल्याचे दिसून येते. कारणे स्वतंत्रपणे कळविण्यात येतील."

मी लिहिलं, "कारणे उद्याच हवीत."

दुसऱ्या दिवशी : "आपले पत्र मिळाले. बाब विचाराधीन आहे."

मी लिहिलं, "तात्काळ!" खाली दोन रेघा.

तिसऱ्या दिवशी : "म्हातारीकडे विचारणा करण्यात आली आहे."

मला हसावं की रडावं कळेना. विजयला टेबलाजवळ बोलावलं. "तू सांग रे बाळा, का नाही विकला तिने बोकड?"

तो पटकन म्हणाला, "बाई, तिला त्याचा लळा लागला होता."

"अरे शहाण्या, मग हे लिहायला काय झालं होतं?"

"पप्पा म्हणाले, पहिल्याच पत्राला खरं कारण द्यायचं नसतं."

*

भूषण जवळच्या खेड्यातून एस.टी.ने यायचा. त्याला प्रश्न विचारायचे त्याचे आबा. आबांना वाचता यायचं, पण वाचलेलं पटायचं नाही. वहीत प्रश्न कमी आणि आबांच्या हरकती जास्त. "आंब्याला इतके पाणी घालत नाहीत." "बैल असा बसत नाही."

एकदा उतारा आला, "श्रावण महिना होता. शेत पांढऱ्याशुभ्र कापसाने फुलले होते." दुसऱ्या दिवशी वही आलीच नाही, आबाच आले! धोतर, टोपी, काखेत छत्री. थेट वर्गात.

"बाई, सावनमा कापूस? हाई लिखनारानी कधी वावर देखेल शे का? हाई बठ्ठं खोटं शे!"

सगळं खोटं, म्हणे! मी म्हटलं, "आबा, बसा, पाणी घ्या."

आबा कुठले बसतात! पोरांकडे वळले आणि कापूस कधी लावतात, बोंड कधी धरतं, कधी फुटतं, सगळं सांगायला लागले. श्रावणात बोंडाचा पत्ता नसतो, कापूस दिवाळीच्या आगेमागे. पोरं प्रश्नांवर प्रश्न! "आबा, बोंडअळी कुठून येते?" "आबा, सरकी काढल्यावर काय करतात?" मधली सुट्टी झाली, कुणी हललं नाही. घंटा ऐकून कुणीच बाहेर आलं नाही म्हणून हेडसर धावत आले.

"हे काय चाललंय? बाई, हे गृहस्थ कोण? साहेब कधीही येतील! पुस्तकात आहे तेच उत्तर बरोबर धरायचं!"

आबांनी सरांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "सर, तुम्ही कधी कापूस येचेल शे का?"

सर म्हणाले, "नाही."

"मंग बठा." बसा म्हणाले! आणि खरं सांगते, महाजन सर पोरांच्या पट्टीवर मांडी घालून बसले. अर्धा तास ऐकलं. उठताना मला मात्र म्हणाले, "साहेबांपुढे असलं काही नको हां, बाई."

*

आता दिव्याखालचा अंधारही सांगते. मी गावाला शहाणं करत फिरत होते आणि माझा नितीन, तेव्हा पाचवीत, घरी वही करायचाच नाही. "तुझी वही चौथीची, मी पाचवीत." आमच्या ह्यांना म्हटलं, "तुम्ही तरी बसवा त्याला." हे धुळ्याला नोकरीला, रोज बसने जाऊन-येऊन. संध्याकाळी आले की तासभर पेपर. पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत. मध्ये बोललेलं चालत नाही.

एक दिवस नितीन समोर जाऊन बसला. यांनी पेपर खाली ठेवल्याबरोबर म्हणाला, "पप्पा, तीन प्रश्न. पहिल्या पानावर कोणता पूल वाहून गेला?"

"पूल? कुठला पूल?"

"बरं. संप कोणी मागे घेतला?"

"संप मिटला का?"

"तिसरा. पप्पा, मग तासभर तुम्ही काय करत होता?"

हे भडकले. "अरे, मी वाचत होतो! लक्षात कशाला ठेवू? परीक्षा आहे का माझी?"

मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसत होते. दुसऱ्या दिवसापासून ह्यांचा पेपर बसमध्येच संपायला लागला.

*

फेब्रुवारी आला. आमच्याकडे तेव्हा गल्लीगल्लीत उडदाचे पापड. आज या घरचे, उद्या त्या घरचे, दहा-बारा बाया पोळपाट घेऊन जमतात. अलका नावाची मुलगी होती, तिची आई म्हणाली, "बाई, माझ्या हाताला पीठ, मी सही कुठून करू? ती बायांना वाचून दाखवते, त्याच विचारतील."

उत्तम! मला वाटलं, याहून चांगलं काय? पण आपल्या पुस्तकातले उतारे म्हणजे मधूनच तोडलेले. त्या दिवशीचा असा संपला, "ती बाई बोचकं घेऊन निघाली आणि वळणावरून दिसेनाशी झाली."

बायांची लाटणी थांबली. "दिसेनाशी झाली म्हणजे? गेली कुठं?"

अलका म्हणाली, "काकू, उतारा संपला."

"असा कसा संपला? बाई घरातून बोचकं घेऊन निघाली, आणि संपला? वाच पुढं!"

पोरगी घाबरली. पुढे काही नव्हतंच. तिने पुस्तकाकडे बघत मनानेच सांगायला सुरुवात केली. बाई धुळ्याला मावशीकडे गेली. मावशीने घरात घेतलं, पण मावशीची सून खाष्ट. बाया खूश. दुसऱ्या दिवशी दुसरं घर, पुन्हा तेच, "अलके, त्या सुनेचं काय झालं?" पापड संपेपर्यंत सुनेला पश्चात्ताप झालेला, नवरा घ्यायला आलेला आणि बाईने त्याला तीन दिवस ओट्यावर बसवलेलं!

आणि मी घेतली चाचणी. नेमका तोच उतारा. प्रश्न : बाई कोणत्या दिशेने गेली? अलकाने दोन पानं लिहिली. मी शेरा मारला, "हे उताऱ्यात नाही." शून्य.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात चार बाया. हाताचं पीठ वाळलेलं. "उताऱ्यात नाही म्हणजे काय, बाई? आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलंय! त्याला ओट्यावर बसवला तो आम्हाला विचारून बसवला!"

मी अर्धा मार्क दिला. वाद कोण घालणार? पण मनातून धसकले. साहेबांपुढे पोरं असलंच काही रचून सांगायला लागली तर? माझी चौथी गेलीच म्हणायची.

*

आणि साहेब आले. मार्चचा दुसरा आठवडा, ऊन मी म्हणत होतं. आदल्या दिवशी हेडसर वर्गात आले, शेवटच्या पट्टीकडे बोट दाखवून मला हळूच म्हणाले, "त्या सुनीताला उद्या घरी ठेवा."

मी म्हटलं, "सर, पटावर आहे ती. येणार."

"मग निदान खांबाआड बसवा!"

खांबाआड बसवली. माझंही मन कच्चं झालं होतं, खोटं कशाला बोलू?

साहेब उंच, पांढरे केस, बारीक काड्यांचा चष्मा. बोलणं मऊ. खिशातून एक कागद काढला. घड्यांवर इतका झिजलेला की मध्ये दोऱ्याएवढी फट. म्हणाले, "हा उतारा मी सगळ्या शाळांतून देतो. कुणी वाचाल?" पारसला उभं केलं. पारसने दोनदा वाचला, थांबत थांबत, छान. उतारा छोटासाच.

"सदू नावाचा एक मुलगा होता. त्याच्या गावात शाळा नव्हती. शाळा नदीपलीकडच्या गावात होती. नदीवर पूल नव्हता. सदू रोज अनवाणी चालत जाई. पावसाळ्यात नदीला पूर येई, तेव्हा आठ-आठ दिवस या तीरावरचे माणूस त्या तीरावर जात नसे. पण सदू फार जिद्दी होता. चार वर्षांत तो शाळेत एकही दिवस गैरहजर राहिला नाही. पुढे तो मोठा अधिकारी झाला."

साहेबांनी प्रश्न विचारले. शाळा कुठे होती? पूल का हवा होता? सदूला जिद्दी का म्हटलं? पोरांनी काय उत्तरं दिली म्हणता! कुणी पहिल्या ओळीपासून सुरू केलं नाही, कुणी मनाचं काही घातलं नाही. मंगल, विजय, भूषण, अलका, सगळी अगदी मोजकं आणि स्वच्छ. माझा ऊर भरून आला. हेडसरांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि माझ्याकडे बघून चक्क हसले.

"या गोष्टीतून काय शिकलात?" साहेबांनी विचारलं.

"एकही दिवस शाळा बुडवू नये!" बेचाळीस आवाज.

साहेब प्रसन्न झाले. कागदाची घडी घालता घालता म्हणाले, "शाब्बास. कुणाला काही शंका?"

आता असं सगळेच विचारतात. उत्तराची कुणी वाट बघत नाही. पण खांबाआडून एक हात वर आला.

हेडसरांचं हसू गेलं. मी मनात म्हटलं, सुनीते, बाई गं, वर्षभर तोंड उघडलं नाहीस, आजच का?

"बोल बेटा," साहेब म्हणाले.

सुनीता उभी राहिली. मग म्हणाली, "साहेब, पूर आला की आठ दिवस कुणीच पलीकडे जात नव्हतं ना?"

"बरोबर. कुणीच नाही."

"मग त्या आठ दिवसांत सदूची हजेरी कोण लावायचं?"

वर्गात पंखा नव्हता, तरी मला गार वाटलं. ज्यांचं अर्धं आयुष्य खोटी हजेरी पकडण्यात गेलं, त्यांना हा प्रश्न! साहेबांनी घडी परत उलगडली. कागद वरून वाचला. खालून वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला.

हेडसर हात जोडून पुढे झाले. "साहेब, माफ करा, पोर आहे. वर्गात सगळ्यात मागे आहे. तिला वाचलेलं काही कळत नाही..."

"थांबा हो, महाजन!" साहेब म्हणाले. "एवढ्या शाळा झाल्या, एवढी वर्षं झाली. हा उतारा आज पहिल्यांदा कुणाला तरी कळलाय. चौथी कुणाकडे आहे?"

"बोरसे बाईंकडे. पण पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षीही त्यांच्याकडेच."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पदराने पुसावं हेही सुचेना. पोरं टाळ्या वाजवायला लागली. कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं. साहेब दाराकडे निघाले, हेडसर मागोमाग.

सुनीता मात्र उभीच होती. खांबाच्या बाहेर आली आणि म्हणाली, "साहेब, पण कोण लावायचं?"

साहेब दारातून परत फिरले. तिच्यापाशी आले, गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकले. आजूबाजूला पाहिलं. मी जवळच होते म्हणून मला ऐकू आलं.

"माझे वडील," ते हळूच म्हणाले. "तिथे तेच मास्तर होते ना."